बेचाळिसावा वाटा

मी त्याला तीन वेळा मारलं, असं मी बारा वर्षं धरून चाललो होतो. पहिला फटका उजव्या खांद्यावर, दुसरा उजव्या कोपरावर आणि तिसरा तो पालथा पडल्यावर पाठीवर. माझ्या हातात तुटक्या वल्ह्याचा दांडा होता, साधारण अडीच हात लांब. मारणारे आम्ही आठ-नऊ जण होतो. बाकीच्यांचे फटके मी मोजले नाहीत. मोजणं हेच माझं काम असूनही मोजले नाहीत.

आमची वाडी मालवणच्या दक्षिणेला, समुद्राच्या पुळणीला लागून. वाडीची एक रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याच्या एका टोकाची दोरी किनाऱ्यावर धरून ठेवायची, होडीने जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारायचा, दुसऱ्या टोकाची दोरी घेऊन परत किनाऱ्याला लागायचं आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचं. आमच्या रापणीत एक्केचाळीस घरं होती. प्रत्येक घराने जाळ्याचा बारा वाव लांबीचा तुकडा आणायचा (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी), ते सगळे तुकडे एकमेकांना शिवायचे. ज्याचा तुकडा त्याला वाटा. तुकडा नसलेला माणूस दोरीला हात लावू शकत असे, पण त्याला ओंजळभर मासे मिळत, वाटा मिळत नसे.

प्रत्येक घराचं काम ठरलेलं होतं. तांडेलाचं घर होडी चालवी आणि जाळं कधी टाकायचं ते सांगे. बारा घरं उत्तरेच्या दोरीवर, तेरा दक्षिणेच्या. काही घरं वल्ह्यावर, काही जाळं शिवण्यावर. एक घर पाळतीचं होतं. त्या घरच्या माणसाने वाळूच्या उंचवट्यावर बसून पाण्याचा रंग बघायचा आणि मासा येऊन पाणी तांबूस झालं की पंचा हलवून दाखवायचं. आणि आमचं घर वाट्यांचं. आलेला मासा मोजून त्याचे सारखे ढीग घालणं हे माझ्या आजोबांचं काम होतं, मग वडिलांचं, मग माझं.

लोक म्हणत, ह्या घरात आकडा उपजतच आहे. तसं काही नव्हतं. मी सात वर्षांचा असल्यापासून वडील मला माशांच्या पाटीपाशी बसवत आणि मोजायला लावत. एक मासा चुकला की एक चापट, दोन चुकले की दोन. एकदा मी दोनशेच्या पाटीत सहा चुकलो तेव्हा सहावी चापट कानावर बसली आणि दोन दिवस डाव्या कानात समुद्र वाजत होता. माझ्याच वयाची दोरीवाल्या घरातली मुलं दमून बसली की त्यांच्या पोटऱ्यांवर ओल्या दोरीचा शेव, म्हणजे टोक, बसत असे. पंधरा वर्षांनी त्यांचे खांदे रुंद झाले आणि माझा आकडा पक्का झाला. लोकांनी आमच्याकडे बघून म्हटलं, देवाने ज्याला त्याला बरोबर जागच्या जागी जन्माला घातलं आहे. मलाही ते तेव्हा खरं वाटे.

ज्याला मी मारलं त्याचं घर आमच्या वाडीच्या मागे, माडांच्या बागेत. माझ्या परसापासून चौथं. त्यांची जात माडाची, आमची जाळ्याची. बापजाद्यांपासून ते माडी काढत. माडाला पोय येते, म्हणजे फुलोऱ्याची लांबट कळी. ती बांधायची, रोज हाडाच्या तुकड्याने हळूहळू ठोकायची, टोक कापायचं, खाली मडकं लावायचं. पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा असे तीस माड तो चढत असे. त्याच्याकडे पोय ठोकायचं सांबराचं हाड होतं, आंबोलीकडच्या एका शिकाऱ्याने त्याच्या आजोबांना दिलेलं. तीन पिढ्यांच्या मुठीने ते मधोमध गुळगुळीत झालं होतं.

मग दारूबंदीचा कायदा आला. माडी काढणं गुन्हा झाला. पहिली काही वर्षं ते लपूनछपून काढत राहिले. एका सकाळी पोलीस आले. अंगणात अकरा मडकी होती. ती त्यांनी त्याच्या म्हाताऱ्या बापाच्याच हातून एकेक करून फोडून घेतली. सातवं मडकं फोडून बाप थांबला तेव्हा त्याच्या नडगीवर काठी बसली. मी कुंपणापाशी उभा होतो, हाड वाजल्याचा आवाज मला ऐकू आला. उरलेली चार त्याने बसून फोडली. त्यानंतर त्या घराकडे काही काम उरलं नाही. कोणाचे नारळ पाडून दिले तर चार नारळ मिळत, तेवढंच. घरात बायको होती, एक लहान मुलगी होती आणि लंगडणारा बाप होता.

तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, तिशीच्या आतला. पावसाळा संपून रापण सुरू व्हायची होती तेव्हा तो पुळणीवर आला. आम्ही जाळ्याचे तुकडे शिवत बसलो होतो. तो तांडेलासमोर उभा राहिला.

"तांडेलानू, माका दोरयेर घेवा."

"तुझो जाळ्याचो तुकडो खंय आसा?"

"विणूक शिकतंय. येत्या वर्साक बारा वाव घालतंय."

पाळतीच्या घरचा मुलगा दक्षिणेच्या दोरीवर असे. त्याच्याएवढा आडमाप माणूस वाडीत दुसरा नव्हता. तो म्हणाला, "हात बघा रे ह्येचे. ह्या हातान जाळा विणतलो! मासो येवच्या आधी जाळाच पळात."

सगळे हसले. मीही हसलो. तांडेल हसला नाही, पण त्याने नकारार्थी मान हलवली.

"बाबा रे, तू चांगलो आसंस. पण तू दोरी धरलंस तर उद्या तुझो भाव येतलो, परवा तुझो मेवणो येतलो. तू आपलो माडार बरो."

"माडार आता काय रवला, तांडेलानू?"

आम्ही पुन्हा सुया चालवू लागलो. तो निघून गेला.

आता पाळतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. त्या घरचा म्हातारा चाळीस वर्षं उंचवट्यावर बसत होता आणि त्याचे डोळे गेले होते. पूर्वी दहा वेळा जाळं टाकलं तर सहा वेळा मासा मिळे. त्याआधीच्या दोन हंगामांत ते दहाला दोनवर आलं होतं. हा हिशेब फक्त माझ्याकडे होता, कारण मोजणारा मीच. मी तो कोणाला सांगितला नाही. पाळत त्या घराची होती. ती त्यांच्याकडून काढायची तर कोणाला द्यायची, आणि एकाचं काम काढता येतं असं एकदा ठरलं तर उद्या कोणाचं काढतील, हा प्रश्न प्रत्येकाच्या पोटात होता. म्हणून एक्केचाळीस घरं एका आंधळ्याच्या पंच्याकडे बघून समुद्रात जाळं टाकत होती आणि रिकामं ओढत होती.

नारळी पौर्णिमेला अडीच महिने उलटून गेले होते. सकाळचे आठ वाजले असतील. पुळणीलगतच्या एका उंच माडावर तो कोणाचे तरी नारळ पाडायला चढला होता. एकदम वरून आवाज आला, टोक टोक टोक. कमरेला खोचलेलं ते सांबराचं हाड तो माडाच्या खोडावर ठोकत होता. आम्ही वर बघितलं. एका हाताने झावळी धरून तो दुसऱ्या हाताने उत्तरेकडे दाखवत होता.

"तांबडा पाणी! खडपाच्या भायर! हयसर येता!"

आम्हाला खालून काही दिसत नव्हतं. तांडेलाने म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं.

"काय नाय थंय. ढगाची सावली ती."

आकाशात एकही ढग नव्हता. तांडेलाने एकदा वर माडाकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं आणि होडी ढकलायला सांगितली. होडी कुठे वळवायची तेही वरूनच ठरलं. तो हाड दोनदा ठोकी तेव्हा उत्तरेला, एकदा ठोकी तेव्हा दक्षिणेला. असं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण दोन वळणांत सगळ्यांना कळलं.

जाळं इतकं जड आलं की दोन्ही दोऱ्यांवर बायकांनीही हात लावला. सगळा बांगडा. मी मोजायला बसलो. ब्याण्णव पाट्या भरल्या, दर पाटीला दोनशे. अठरा हजार चारशे.

पुढचं जे मी केलं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी एक्केचाळीसऐवजी बेचाळीस ढीग घातले. एक्केचाळीस घातले असते तर दर ढिगाला चारशे अठ्ठेचाळीस मासे आले असते. बेचाळीस घातल्याने चारशे अडतीस आले. एका घराला दहा मासे कमी. माझा विचार सरळ होता. मासा दिसला नसता तर सगळ्यांचा वाटा शून्य होता. दहा मासे काहीच नव्हते.

ढीग कोणी कुठला घ्यायचा हे खुणेवर ठरत असे. प्रत्येक घर आपली खूण देई, कोणी शिंपला, कोणी काडी, कोणी जाळ्याचं शिसं. मासे विकणारी एक विधवा म्हातारी होती, तिला कुठल्याच घराचा वाटा नव्हता, म्हणून खुणा टाकायचं काम तिचं. ती सगळ्या खुणा पदरात घ्यायची, ढिगांकडे पाठ करायची आणि मागे चालत चालत एकेक खूण एकेका ढिगावर सोडायची. तो माडावरून उतरून लांब उभा होता. मी त्याला हाक मारली.

"ये रे. खूण दी तुझी."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी दोन बोटांनी बेचाळिसावा ढीग दाखवला. तेव्हा तो पुढे आला. त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. कमरेची कोयती देता येत नव्हती. त्याने ते हाड दिलं.

म्हातारीने हाताला लागल्याबरोबर विचारलं, "ह्या कोणाचा हाड गो बाये? मासो गावाक नाय म्हणान माणूसच मारलास काय?"

बायका हसल्या. तिने खुणा टाकल्या. हाड पुढच्या रांगेतल्या एका ढिगावर पडलं. शेजारच्या ढिगावर पाळतीच्या घराचा शंख पडला होता. पाळतीच्या घरचा मुलगा आपला ढीग उचलायला वाकला आणि त्याने ते बघितलं.

"हो वाटो कोणाचो?"

त्याने ढीग मोजायला सुरुवात केली, मग सगळे ढीग मोजले आणि सरळ उभा राहिला.

"आज ह्येका वाटो, उद्या ह्येका पाळत. मगे आमी काय माडार चढाचा?"

त्याने हाड उचललं आणि वाळूत लांब फेकलं. ढिगाला लाथ मारली, मासे चारी दिशांना उडाले. तो माडावरचा माणूस गेला, हाड उचलून आणलं आणि पुसलं. तोवरही सगळं टळलं असतं. पण तो बोलला.

"वाटो नको तर नको. पण मासो कोणी दाखवल्यान ता सांग. तुझ्या बापाशीक आता सोताचो हात दिसना नाय. ह्या आख्ख्या वाडयेक म्हायत आसा."

म्हातारा दहा पावलांवर बसला होता. त्याने ऐकलं. त्याने खरंच स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला.

पहिला फटका पाळतीच्या मुलाने ओल्या दोरीच्या शेवाने मारला, माडावरच्या माणसाच्या तोंडावर. त्याची भुवई फाटली आणि डोळ्यात रक्त गेलं. दक्षिणेच्या दोरीवरचे चार जण धावले. त्याने एकाच्या पोटात डोकं घातलं, दोघे वाळूत पडले. मग कोणी तरी ओरडलं, "कोयती काढल्यान!" त्याचा हात कमरेकडे गेला हे मी पाहिलं. कोयती बाहेर आली हे मी पाहिलं नाही.

त्याच वेळी कोणी तरी माझं नाव घेतलं. "वाटो घातल्यान कोणी? ह्या आकडेवाल्यान!" कोणाचा तरी कोपर माझ्या तोंडावर बसला आणि वरचा ओठ फाटला. लगेच दुसरा तडाखा मानेवर. माझे वडील पाट्यांपाशी उभे होते, ते माझ्याकडे बघत होते. माझ्या पायाशी तुटकं वल्हं पडलं होतं. मी ते उचललं. ज्याने मला मारलं त्याच्याकडे मी वळलो नाही. मी गर्दीत घुसलो आणि त्याला मारलं, ज्याला मीच हाक मारून बोलावलं होतं.

कोपरावरचा फटका बसला तेव्हा आवाज आला. तो आवाज मी आधी ऐकलेला होता, त्याच्या बापाच्या नडगीचा. मी थांबायला हवं होतं. तो पालथा पडला होता आणि मी पुन्हा दांडा उचलला. मला मारणं थांबलं ते त्यानंतर. आजूबाजूच्यांनी मला आपल्यात घेतलं. एकाने पाठीवर थापही दिली.

तांडेलाने सगळ्यांना मागे ढकललं. दोघांनी त्याला ओढत माडांच्या सावलीत नेलं. वाळूत एक लांब रेघ उमटली होती आणि तिच्यात मासे अडकले होते. तांडेल माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो वाटो मोड."

मी विखुरलेले मासे गोळा केले, धुतले आणि त्या ढिगातले दहा-दहा मासे एक्केचाळीस ढिगांवर घातले. ओठातलं रक्त माशांवर पडत होतं, ते पुसत होतो. बरोबर चारशे दहा झाले. उरलेले देवळाकडे गेले. प्रत्येकाने आपला वाटा मोजून घेतला आणि कोणाची तक्रार नव्हती.

घरी बायकोने विचारलं, "मासो इतको आणि तोंड असा कित्या?" मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पाटीतून दहा बांगडे काढले आणि मांजरांपुढे टाकले.

हवालदार दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तो घाटावरचा, पुस्तकी मराठीत बोलणारा. त्याने आम्हाला विचारलं, कोयती काढली होती का? पाच जणांनी काढली म्हणून सांगितलं. मी पाचवा.

"माडीवालेच ना ते? त्यांच्या घरात मी आधीही गेलो आहे," हवालदार म्हणाला आणि लिहून घेतलं.

माडावरचा माणूस आठ दिवस कोठडीत राहिला. कोपर तोवर तसाच जुळला, वाकडा. पुन्हा कधी सरळ झाला नाही. वाकड्या कोपराचा माणूस माड चढू शकत नाही. माडीचं काम कायद्याने काढून घेतलं होतं, माड मी काढून घेतला.

पाळत म्हाताऱ्याकडेच राहिली, पुढची तीन वर्षं, तो मरेपर्यंत. मग त्याच्या मुलाकडे आली. दहाला दोनचे दहाला तीन झाले.

माडाच्या घरात बायको पोट चालवत होती. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, खाडीच्या खळग्यात कुजत घालायची, ती बडवायची, काथ्या पिंजायचा, सुंभ वळायचं. हे काम आमच्याकडे बायकांचं धरतात. तोही तिच्याशेजारी बसू लागला. डाव्या हाताने वळायचा, वाकडा उजवा हात नुसता धरायला. लोक येता-जाता टोमणे मारत. "काय रे, बांगड्यो घातलंस मां?" तो वर बघत नसे. पुढे मुलगी मोठी झाली, तीही बसली. त्यांची दोरी खाऱ्या पाण्यात इतरांच्या दोरीपेक्षा एक हंगाम जास्त टिकते, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, कारण दोऱ्या मोजून घेण्याचं कामही माझ्याकडे आलं होतं. काही वर्षांत सगळी रापण त्यांच्याच दोरीने ओढली जाऊ लागली. आणि मग लोक म्हणू लागले, त्या घराच्या हातात काथ्या उपजतच आहे.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि वाडीतल्या कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

साठ सालानंतर मालवणात यंत्राच्या होड्या आल्या. आमची काही घरं तिकडे मजुरीला गेली, एक्केचाळीसची तेहतीस घरं झाली. दोरीवर माणसं कमी पडू लागली तसं दोरीचं मोल वाढलं. एका सकाळी तांडेल मला म्हणाला, "दोरयेच्या घराक एक वाटो घाल. दर खेपेक."

मी आजूबाजूला बघितलं. सगळे ऐकत होते. पाळतीच्या घरचा मुलगाही ऐकत होता, आता त्याचे केस पिकले होते. तो म्हणाला, "घाल की. दोरी बरी करतत." काथ्या वळण्यात त्याचं काम कोणी काढून घेत नव्हतं. मी चौतीस ढीग घातले. त्या घराची खूण म्हणून मुलीने सुंभाचा तुकडा दिला.

तो वाटा पोचवायला मी स्वतः गेलो. बारा वर्षांत मी त्याच्या अंगणात दोरी मोजायला कितीदा तरी गेलो होतो, पण मोजण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. मारामारी झाली त्या संध्याकाळी ते हाड मी वाळूतून उचललं होतं आणि घरी फळीवर ठेवलं होतं. त्या दिवशी ते बरोबर नेलं. पाटी उतरवली आणि हाड तिच्यावर ठेवलं.

त्याने ते डाव्या हाताने उचललं. मधला गुळगुळीत भाग अंगठ्याने चाचपला.

"तुझ्याकडे होता तर."

"होय."

मला जे बोलायचं होतं ते मी वाटेत ठरवून गेलो होतो. मी म्हटलं, "मी तुका तीन फटके मारलंय. एक खांद्यार, एक कोपरार, एक पाठीर. पोलिसांक खोटा सांगलंय ता वेगळा. कोयती मी बघूक नाय."

त्याने हाड मांडीवर ठेवलं.

"चार," तो म्हणाला.

"तीन."

"पाठीर दोन मारलंस. मी पालथो होतंय, पण दांडो एकाकडेच होतो, तुझ्याकडे. बाकी सगळे लाथो मारी होते."

मी उभ्या उभ्या पुन्हा मोजलं. खांदा, कोपर, पाठ. त्यापुढे मला वाळूतली रेघ आठवत होती आणि पाठीवरची ती थाप. मधलं काही आठवत नव्हतं.

त्याने मुलीला हाक मारली आणि हाड तिच्याकडे दिलं. ती कुजलेल्या सोडणांच्या ढिगापाशी बसली आणि त्या हाडाने बडवू लागली. त्याने दोरीचं नवीन वेटोळं माझ्याकडे सरकवलं.

"मोज," तो म्हणाला. "चाळीस वाव आसा."

मी दोन्ही हात पसरून मोजायला लागलो. तो माझ्याबरोबर तोंडातल्या तोंडात मोजत होता. साडेचाळीस भरली.